यादीत नसलेलं सामान

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

जाहिरातीत बोटीची माहिती तीन ओळींत उरकली होती. सामानाची यादी मात्र चांगली एकवीस ओळींची होती. जीपीएस, पाण्याची खोली मोजायचं यंत्र, व्हीएचएफ रेडिओ, बॅटरीवर चालणारा ऑटोपायलट, दोन शेगड्यांचा गॅस, गाद्यांच्या नव्या खोळी, चार लाइफजॅकेटं, आणि सगळ्यात शेवटी नांगराचं चित्र काढलेले चहाचे सहा मग. खरा नांगर एकोणिसाव्या ओळीत होता.

ही २००३ सालची गोष्ट. नोकरीच्या निमित्तानं मी तेव्हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनला राहत होतो. ऑफिसातल्या दोघा सहकाऱ्यांना शिडाच्या बोटींचा नाद होता आणि त्यांच्या संगतीनं तो मलाही लागला. तिघांत मिळून एक जुनी बोट घ्यावी असं ठरलं. तिकडे अशी भागीदारी सर्रास चालते. बोट वर्षातून जेमतेम तीस-चाळीस दिवस समुद्रात जाते, जागेचं भाडं मात्र तीनशे पासष्ट दिवसांचं भरावं लागतं. ते तिघांत वाटलेलं बरं.

शर्यतीची बोट वेगळी आणि फिरस्तीची बोट वेगळी, हे आधी सांगायला हवं. फिरस्तीची बोट म्हणजे तरंगतं बिऱ्हाड. झोपायला चार-पाच बाकडी, एक ओटा, एक न्हाणीवजा संडास, नकाशा पसरायला टेबल, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि वारा पडला तर बंदरात शिरण्यापुरतं एक छोटं डिझेल इंजिन. वेग फार नाही. माणूस जरा जोरात सायकल मारील तर तिच्या पुढे जाईल. पण आठवडाभराचा शिधा भरून ती दुसऱ्या देशाच्या किनाऱ्याला नेता येते.

अशा जुन्या बोटी तिकडे ढिगानं मिळतात, आणि त्याचं कारण आहे फायबरग्लास. लाकडी बोट सतत निगा मागते. दोन-चार वर्षं तिच्याकडे दुर्लक्ष झालं की ती कुजायला लागते. साठच्या दशकापासून बोटींचे सांगाडे फायबरग्लासचे होऊ लागले. तेव्हा हे नवं द्रव्य किती टिकेल याची कुणालाच खात्री नव्हती, म्हणून कारखानदारांनी ते हात राखून न वापरता जाडजूड थापलं. परिणाम असा की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या बोटींचे सांगाडे आजही धडधाकट आहेत. मोटार भंगारात जाते, बोट जात नाही. ती फक्त मालक बदलते.

आमची बोट होती वेस्टर्ली सेंटॉर. सव्वीस फूट लांब, १९७३ सालची. १९६९ ते १९८० या काळात या नमुन्याच्या दोन हजार चारशेहून अधिक बोटी बांधल्या गेल्या. तिची खूण म्हणजे पोटाखाली एकाऐवजी दोन कील. कील म्हणजे बोटीच्या पोटाखाली असलेला वजनदार पाखा. त्याच्या वजनामुळे बोट कलली तरी पुन्हा सरळ होते, आणि त्याच्या रुंदीमुळे ती वाऱ्याबरोबर आडवी वाहत जात नाही. दोन कील असले की ओहोटीला पाणी ओसरल्यावर बोट चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहते. खोल पाण्यातली जागा महाग, चिखलातली स्वस्त. मध्यमवर्गीय माणसाला यापेक्षा मोठा गुण कोणता हवा?

किंमत सात हजार पौंड ठरली. पण विमा कंपनीनं अट घातली की बोट जुनी आहे, तेव्हा आधी सर्व्हेअरचा अहवाल आणा. त्या सर्व्हेअरनं माझी शिकवणीच घेतली.

साठीचा माणूस. हातात प्लॅस्टिकचं लहानसं हातोडं. बोट क्रेननं उचलून जमिनीवर ठेवली होती. तो तिच्या पोटाखाली बसून वीत-वीत अंतरावर टकटक करत सरकत होता. आपण माठ घेताना टिचकी मारून पाहतो ना, अगदी तसं. खणखणीत आवाज आला की सांगाडा घट्ट. बद्द आवाज आला की आतले थर सुटलेत. मग ओल मोजायचं यंत्र लावलं. फायबरग्लास पूर्णपणे जलाभेद्य नसतं. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की बाहेरच्या मुलाम्यातून पाण्याचे कण आत झिरपतात, आतल्या राळेतले न मुरलेले अंश विरघळवतात आणि त्या द्रवाचा दाब वाढून पृष्ठभागावर फोड येतात. फोड फोडला की आतून व्हिनेगरसारखा वास येतो. याला तिकडे ऑस्मॉसिस म्हणतात आणि घेणारे त्याला फार घाबरतात. आमच्या बोटीला असे दहा-बारा फोड होते. सर्व्हेअरनं खडूनं गोल केले आणि म्हणाला, "याची चिंता करू नका. यानं बोट बुडत नाही, फक्त किंमत उतरते. ज्यानं बुडते ते आत आहे."

आत त्यानं मला संडासाच्या मागे ओणवं व्हायला लावलं. फिरस्तीच्या बोटीच्या पोटाला मुद्दाम भोकं पाडलेली असतात. संडासाचं पाणी आत घ्यायला एक, बाहेर टाकायला एक, इंजिन थंड करायला एक, ओट्याच्या मोरीला एक. प्रत्येक भोकावर आतून एक झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. मूळच्या झडपा काशाच्या होत्या, पण त्यातली एक आधीच्या कुणा मालकानं बदलून हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसला पितळी व्हॉल्व्ह बसवला होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समुद्राचं खारं पाणी त्यातलं जस्त हळूहळू खाऊन टाकतं. मागे उरतं ते सच्छिद्र, ठिसूळ तांबं. रंग किंचित गुलाबी होतो, आकार जसाच्या तसा राहतो. सर्व्हेअरनं दांडी फिरवली आणि ती त्याच्या हातात आली.

नंतर घरी बसून मी हिशेब केला. पाण्याखाली दोन फुटांवर एक इंची भोक उघडं पडलं तर मिनिटाला सुमारे साठ लिटर पाणी आत येतं, म्हणजे चार बादल्या. हातपंपानं घाबरलेला माणूस तेवढं उपसू शकेल, पण किती वेळ? म्हणून जाणते लोक प्रत्येक सीकॉकला त्याच्या मापाची लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवतात. झडप तुटली की खुंटी ठोकायची. दीड-दोन पौंडांचा हा लाकडाचा तुकडा आमच्या एकवीस ओळींच्या यादीत कुठेही नव्हता.

पुढची पाळी डोलकाठीची. अशा बोटीची डोलकाठी ॲल्युमिनियमची असते आणि ती स्वतःच्या बळावर उभी नसते. पुढून, मागून आणि दोन्ही अंगांनी स्टेनलेस स्टीलच्या तारांनी तिला ताणून धरलेलं असतं. यातली एक तार तुटली की शिडातल्या वाऱ्याच्या जोरानं काठी आडवी होते. प्रत्येक तार एकोणीस सुट्या तारांना पीळ देऊन केलेली. सर्व्हेअरनं टिश्यू पेपरचा बोळा तारेवरून वरून खाली फिरवत आणला. तळाशी, तार जिथे धातूच्या बोंडात शिरते तिथे, कागदाचा धागा अडकला. एकोणिसांतली एक तार तुटून टोक बाहेर आलं होतं.

स्टेनलेस स्टील गंजत नाही हा आपला समज, कारण आपण ते स्वयंपाकघरात पाहतो. त्याच्या अंगावर हवेतल्या प्राणवायूमुळे एक अदृश्य संरक्षक थर तयार होत असतो. भांडं उघड्यावर असतं, म्हणून थर टिकतो. तारेच्या खालच्या बोंडात मात्र खारं पाणी साचतं आणि हवा पोचत नाही. थर मोडतो आणि गंज आतल्या आत चरत जातो. बाहेरून तार चकचकीतच दिसते. म्हणून साधारण दहा वर्षांनी या तारा दिसायला कशाही असोत, बदलाव्यात असा संकेत आहे. "या तारा कधीच्या?" असं विचारल्यावर विकणारे गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले, "मी घेतली तेव्हाच्याच." त्यांनी बोट अकरा वर्षांपूर्वी घेतली होती. त्याआधीचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या भागीदारीतलं पहिलं भांडण इथे झालं. दोघा सहकाऱ्यांना यादीतल्या साध्या जीपीएसऐवजी पडद्यावर नकाशा दाखवणारं नवं यंत्र हवं होतं. मला तारा आणि सीकॉक बदलायचे होते. मी फार शहाणा होतो असं नव्हे, मला फक्त ती हातात आलेली दांडी विसरता येत नव्हती. शेवटी तारा बदलल्याशिवाय विमा मिळेना, म्हणून निकाल माझ्या बाजूनं लागला. नकाशाचं यंत्र पुढच्या वर्षी आलं. आज तोच नकाशा फोनवर मावतो; १९७३ सालचा कील आजही तिथेच आहे.

जुन्या बोटीवर विश्वास किती टाकावा, हा प्रश्न विचारताना मला नेहमी 'सुहैली' आठवते. ही बत्तीस फुटी बोट आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. १९६४ साली ती पाण्यात उतरली. बांधून घेणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन व्यापारी जहाजावरचा अधिकारी होता. १९६८ मध्ये एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायचं त्यानं मनात घेतलं, तेव्हा त्याला खरं तर नवी, मोठी बोट हवी होती. पैसे जमले नाहीत. मग हाताशी असलेली सुहैलीच घेऊन तो निघाला. वाटेत सामान एकामागून एक मान टाकत गेलं. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या नासल्या, रेडिओ बंद पडला, बोट आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडलं. फळ्यांच्या सांध्यातून गळती लागली, तेव्हा भर अटलांटिकमध्ये पाण्यात उतरून त्यानं सांध्यात कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो फालमथला परत आला. निघालेल्या नऊ जणांत पोचलेला तो एकटा. सामान गेलं तरी सांगाडा, काठी आणि शिडं शेवटपर्यंत होती.

दुसरी आठवण आपल्या लष्कराची. कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात 'तृष्णा' या बोटीतून मुंबईहून निघून मुंबईला परत अशी पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या बोटीतून झालेली ही पहिली भारतीय प्रदक्षिणा. ती तृष्णाही जुनीच होती, फिनलंडमध्ये बांधलेली सदतीस फुटी स्वान जातीची बोट, इंग्लंडमध्ये विकत घेतलेली.

आता आमच्या फजितीकडे वळतो. तारा नव्या, सीकॉक नवे, सर्व्हेअरचा अहवाल हिरव्या शाईनं भरलेला. डिझेलच्या टाकीत मात्र आम्ही कुणीच डोकावलो नव्हतो. तीस वर्षांच्या टाकीत तळाशी पाणी साचतं, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि काळा, चिकट गाळ धरतो. बोट धक्क्याला उभी असते तोवर तो तळाशी शांत पडून राहतो. २००४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पूल बंदराकडे निघालो. आइल ऑफ वाइट या बेटाच्या पश्चिम टोकाला नीडल्स नावाचे खडूच्या दगडाचे सुळके आहेत. त्यांच्या शेजारून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेच्या दुसऱ्या अंगाला शिंगल्स हा गोट्यांचा लांबलचक उथळा आहे. ओहोटीचं पाणी तिथे धावत्या माणसाच्या वेगानं बाहेर पडतं आणि वाटेत त्या उथळ्यावरून तिरपं जातं. वारा पडला होता, आदल्या दिवशीच्या वाऱ्याची लाट मात्र उरली होती. तिनं टाकी घुसळली, गाळ वर आला, फिल्टर तुंबला आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं.

शिडं लोंबत होती. बोट आडवी होऊन ओहोटीबरोबर शिंगल्सकडे सरकायला लागली. पांढऱ्या लाटा फुटताना दिसत होत्या. तिघांपैकी एकजण इंजिनाकडे धावला, दुसऱ्यानं रेडिओवरून तटरक्षकांना आमची जागा कळवली, आणि मी पुढे जाऊन नांगर सोडला.

आमचा नांगर सीक्यूआर जातीचा होता. याचा जनक जी. आय. टेलर हा केंब्रिजचा मोठा पदार्थवैज्ञानिक. त्याला स्वतःला बोटीचं वेड होतं आणि जड, अवजड नांगर ओढून कंटाळल्यावर त्यानं १९३३ मध्ये हा शोध लावला. वजनानं हलका असूनही तो ओढ बसेल तसा तळात खोल शिरत जातो. त्याचा आकार थेट शेतातल्या नांगराच्या फाळासारखा. इंग्रजीत या दोन वस्तूंना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत शेतातला तोही नांगर आणि समुद्रातला तोही नांगर. टेलरला हे कळलं असतं तर गंमत वाटली असती. त्याची आजी ही, ज्यांच्या नावावरून एव्हरेस्ट शिखर ओळखलं जातं, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. एवढं विषयांतर पुरे.

नांगर एकटा बोट धरत नाही, साखळी धरते. साखळी वजनानं तळाला पडून राहिली तर नांगरावरची ओढ आडवी राहते आणि फाळ जमिनीत शिरतो. साखळी तोकडी पडली तर ओढ वरच्या दिशेनं लागते आणि नांगर उपटून येतो. म्हणून पाणी जेवढं खोल त्याच्या निदान चौपट साखळी सोडावी. तिथे पाणी बारा मीटर होतं आणि आमची साखळी चाळीस मीटर, म्हणजे तिपटीच्या थोडी वर. सगळी सोडणं भाग होतं. साखळी खडखडत धावत होती आणि त्या आवाजात माझ्या मनात एकच विचार आला. हिचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं आहे का? साखळीच्या डब्याच्या तळाशी ते कुणीच पाहिलं नव्हतं. मी नाही, माझ्या सोबत्यांनी नाही, आणि डबा भरलेला असल्यामुळे सर्व्हेअरनंही नाही.

धाडकन हिसका बसला. टोक बांधलेलं होतं. नांगर आधी गोट्यांवरून खरडत गेला, मग रुतला. बोटीनं नाळ ओहोटीकडे वळवली आणि ती थांबली. मागे लाटा फुटत होत्या त्या जागेपर्यंत फार तर दोनशे मीटर अंतर उरलं होतं.

पाणी फिरेपर्यंत तीन तास आम्ही तिथेच होतो. फिल्टर बदलला, इंजिन सुरू झालं, आणि भरतीबरोबर परत आलो. धक्क्याला लागल्यावर मी डब्यात उतरून पाहिलं. साखळीचं टोक एका बोटभर जाडीच्या दोरीनं कडीला बांधलेलं होतं. दोरी काळी पडली होती. तिच्या तीन पेडांपैकी दोन तुटले होते. ते त्या हिसक्यानं तुटले की आधीच, ते सांगता येणार नाही.

जुन्या बोटीवरच्या बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात सांगतो. शिडं वाऱ्यानं कमी आणि उन्हानं जास्त मरतात. कापड चांगलं दिसतं, शिवण आधी जाते. शिवणीच्या दोऱ्यावर नख ओढून पाहावं, तुटला तर शीड गेलं म्हणावं. बॅटरीचा ऑटोपायलट शांत पाण्यात छान, लाटांत मात्र तो वीज पिऊन टाकतो. लांबच्या प्रवासाला वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र हवं. ब्लाँडी हॅसलर या निवृत्त नौसैनिकानं त्याला कामाचं रूप दिलं आणि १९६० च्या एकट्यानं अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत ते लावून तो स्वतः गेला. वाऱ्याची एक पाती दिशा ओळखते आणि पाण्यातलं वल्हं बोटीच्याच वेगातून जोर घेऊन सुकाणू फिरवतं. वीज अजिबात लागत नाही. जुन्या बोटीवर असं यंत्र दिसलं तर समजावं की आधीचा मालक खरोखर समुद्रात गेला होता.

लाइफजॅकेटात वायूची नळकांडी असते, ती गंजते. संकटाच्या ज्योतींवर तारीख छापलेली असते आणि विकाऊ बोटींवर ती बहुधा उलटून गेलेली असते. फुगवायचा रबरी तराफा ठरावीक मुदतीनं उघडून तपासून घ्यावा लागतो. त्या तराफ्याविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळ झालं, पंधरा स्पर्धकांचा जीव गेला. चोवीस बोटी माणसांनी सोडून दिल्या. त्यातल्या फक्त पाच बुडाल्या. एकोणीस नंतर तरंगताना सापडल्या. काही तराफे मात्र लाटांत उलटले, फाटले. सर्वांत लहान बोटींच्या गटातल्या अठ्ठावन्नपैकी एकच बोट शर्यत पुरी करून आली, 'असेंट' नावाची बत्तीस फुटी काँटेसा. ती फिरस्तीच्याच जातीची, साधी, बळकट बोट. तेव्हापासून तिकडे म्हण पडली आहे की तराफ्यात जायचं ते खाली उतरून नव्हे, वर चढून. बोट पायाखालून जाईपर्यंत ती सोडू नये, असा त्याचा अर्थ.

२००९ मध्ये मी भारतात परतायचं ठरवलं आणि आम्ही बोट विकायला काढली. जाहिरात मी लिहिली. पहिल्या ओळीत तारा बदलल्याचं वर्ष, दुसरीत सीकॉकचं, तिसरीत डिझेलची टाकी साफ केल्याचं, चौथीत नांगर, साठ मीटर साखळी आणि तिच्या आतल्या टोकाची नवी दोरी. सोबत्यांनी ती वाचून नाकं मुरडली. जीपीएस इतकं खाली का, म्हणाले. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग एक तरुण जोडपं आलं. दोघं आत शिरली, गाद्या दाबून पाहिल्या, शेगडी पेटवून पाहिली, आणि त्या मुलीनं विचारलं, "नकाशाचं यंत्र किती जुनं आहे?"

मी त्यांना आधी पुढे नेलं आणि साखळीच्या डब्याचं झाकण उघडलं.